जागल्याच्या जादा ओळी

६ जानेवारी २०२५, सोमवार

अमरावतीहून पहाटे सहाची एसटी धरली आणि अकरा वाजता बुलढाण्यात उतरले. खामगाव सोडून बोथ्याचा घाट लागला तेव्हा गार वारा आत आला आणि कितीतरी महिन्यांनी मला मोकळे वाटले. शेजारच्या बाईंनी ओल्या हरभऱ्याची जुडी पुढे केली. घाट संपेपर्यंत दोघींनी ती सोलून खाल्ली.

खोली चिखली रस्त्याला, पहिल्या मजल्यावर. खिडकीतून ऊन येते, नळाला पाणी येते, घरमालकीणबाई मोजके बोलतात. एवढे मला पुरे आहे. सामान लावले, डबा खाल्ला आणि दोन वाजता कामावर हजर झाले.

ट्रस्टचे दीडशे खाटांचे हॉस्पिटल आहे. नाव इथे लिहिणार नाही. संगणक विभागाचा प्रमुख हर्षल, वय बत्तीस-तेहतीस, नम्र, बोलताना सतत पेनचे टोपण काढणारा आणि लावणारा. त्यानेच फोनवर मला सहा आठवड्यांचे काम दिले. प्रोग्राम जुन्या पद्धतीने लिहिलेला आहे आणि ती पद्धत जाणणारे आता मिळत नाहीत, असे तो म्हणाला. मी १९८७ साली अमरावतीला पदवी घेतली आणि विद्यापीठाच्या संगणक केंद्रात एकतीस वर्षे काढली. जुनी पद्धत म्हणजे मीच.

काम असे. सर्व्हरला चार डिस्क आहेत. रुग्णांच्या रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रे, सगळे त्यांवर साठते. डिस्क शंभर टक्के भरली की पुढचे काही घेत नाही. म्हणून कोणती डिस्क किती भरली हे दर दहा मिनिटांनी पाहणारा एक छोटा प्रोग्राम आहे. त्याचे नाव जागल्या, पूर्वी गावात राखणीला असायचा त्याच्यावरून. डिस्क भरत आली की जागल्या एसएमएस पाठवतो. शिवाय रोज सकाळी नऊला एक पान छापतो: चार डिस्क, चार आकडे. शिपाई ते पान तीन टेबलांवर फिरवतो. हर्षल, भांडार विभागाचे उकंडराव आणि ट्रस्टचे सचिव वामनराव खाली 'पाहिले' असे लिहून सही करतात.

गेल्या चार महिन्यांपासून त्या चार ओळींखाली तीन जादा ओळी येतात. नुसते आकडे. प्रोग्राम लिहिणारा स्वतःच्या तपासणीसाठी मधे मधे काही छापून पाहतो. काम झाले की त्या ओळी काढायच्या असतात. विसरल्या की त्या अशा बाहेर येत राहतात. महिनाअखेरीस तपासणी पथक येणार आहे, त्याआधी पान स्वच्छ हवे. हर्षल म्हणाला, "मॅडम, तेवढ्या तीन ओळी उडवा. बाकीचं काही नोका पाहू."

आता इथे कुणाला माहीत नाही ते लिहिते. जागल्या मंजुश्रीने लिहिला. मंजुश्री माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, जानेफळची. प्रोग्राम लिहायला तिला मी शिकवले. गेल्या ऑगस्टमध्ये याच सर्व्हरची डिस्क भरली. रक्ताचे नवे रिपोर्ट साठलेच नाहीत, वॉर्डातल्या पडद्यावर चार दिवसांपूर्वीचे दिसत राहिले आणि त्यांवर भरवसा ठेवून डायलिसिस लांबवलेले दोन रुग्ण दगावले. जागल्याचे एसएमएस कुणीतरी बंद करून ठेवले होते. ते मंजुश्रीच्या लॉगिनने बंद झाले होते, म्हणून तिनेच केले, असे हॉस्पिटलने जाहीर केले. सरकारी चौकशी अजून रेंगाळते आहे. तीन सप्टेंबरला ती येळगाव धरणाच्या पाण्यात सापडली. पडली की उतरली, हे कुणाला सांगता आले नाही. जानेफळात माझ्या बहिणीला आजही दोन माणसे मारणारीची आई म्हणतात.

एसएमएस बंद कोणी केले ते मला शोधायचे आहे. सापडला की त्याला सोडणार नाही. मंजुश्रीचे नाव स्वच्छ झाल्याशिवाय मी बुलढाणा सोडणार नाही.

आज छान झोप लागेल.

७ जानेवारी, मंगळवार

प्रोग्राम वाचून काढला. चारशे बारा ओळी. मंजुश्रीचे अक्षर होते तसाच तिचा प्रोग्राम, समास सोडून, एक ओळ वाकडी नाही. छापणाऱ्या ओळी सदतीस निघाल्या. वहीत त्यांना क्रमांक दिले आणि एकेक तपासली. एकोणतीस गरजेच्या, आठ तपासणीच्या. आठही काढल्या. दुपारी चालवून पाहिला.

चार डिस्क, चार आकडे. खाली ४१, ४७, ६२.

कुठेतरी नजरचूक झाली असेल. माझी सहसा होत नाही.

सर्व्हरची खोली प्रयोगशाळेच्या मागे आहे, खिडकी नसलेली, एसी कायम चालू. वीज आणि जनरेटर पाहणारे रज्जाकभाई, मूळचे वडनेर भोलजीचे, चहा घेऊन आले. मी शाल पांघरून काम करते हे पाहून हसले. आधी इथे कोण होते, असे मी सहज विचारल्यासारखे विचारले. त्यांनी दार लोटले. म्हणाले, "ते पोरगी कोनाले पानी मांगाले लाजे, मॅडम. ते काय मानसं मारीन?"

मी पडद्याकडे पाहत राहिले. डोळ्यांतले पाणी त्यांना दिसू द्यायचे नव्हते.

९ जानेवारी, गुरुवार

४३, ४९, ६८.

आकडे वाढत आहेत. चार डिस्कपैकी एकीचाही आकडा यांच्याशी जुळत नाही. आधी मला हर्षलचा संशय आला. पासवर्ड बदलला, नेटवर्कची तार काढली, सर्व्हर एकटा चालवला. तरी तीन ओळी आल्या.

उकंडरावांच्या टेबलावर पान घेऊन शिपायाऐवजी मीच गेले. साठीचा, पोट सुटलेला, आवाजी माणूस. मंजुश्रीचे नाव न घेता मी डिस्क बदलण्याचे काढले. ते खुशीत सांगू लागले की आधीच्या पोरीने नवी डिस्क पाहिजे म्हणून अकरा अर्ज दिले होते. "म्या म्हनलं, बाई, डिस्क का तुरीचं पोतं हाय? भरलं का दुसरं आना?" स्वतःच्याच विनोदावर हसले. हसण्याचा खोकला झाला आणि तो बराच वेळ थांबला नाही. मग विचारले, "तुमच्या मशीनले बी सर्दी झाली काय हो, आकडे शिंकून राह्यली ते?" आणि पानावर नजर न टाकता 'पाहिले' लिहून सही केली.

अकरा अर्ज. तिने मला कधी सांगितले नाही.

११ जानेवारी, शनिवार

आज जागल्याला सांगितले की जी ओळ छापशील तिच्या आधी तिचे नाव छाप. ही साधी युक्ती आहे. भरकटलेली ओळ कुठून निघते ते अशाने कळते.

सकाळचे पान इथे उतरवून ठेवते.

डिस्क एक ५८
डिस्क दोन ३३
डिस्क तीन ६१
डिस्क चार २०
हर्षल ४५
वामनराव ५२
उकंडराव ७७

ही तीन नावे प्रोग्राममध्ये कुठेही नाहीत. शोधून पाहिले, एकेक अक्षर शोधले. नाहीत.

कागद हाताला दमट लागला. प्रिंटरवर एसीचे पाणी गळत असावे. रज्जाकभाईंना सांगितले. त्यांनी वर चढून पाहिले. म्हणाले, एसी कोरडा आहे.

१३ जानेवारी, सोमवार

जागल्या बाजूला काढून ठेवला आणि त्याच्या जागी त्याच नावाची रिकामी फाइल ठेवली. एकही ओळ नसलेली. ती चालवली तर काहीच छापले जाणार नाही.

चार डिस्क छापल्या गेल्या नाहीत. तीन नावे छापली गेली.

मी खुर्ची मागे सरकवली आणि थोडा वेळ बाहेर व्हरांड्यात उन्हात उभी राहिले. मी भुताखेतांची बाई नाही. एकतीस वर्षांत मशीनने केलेली प्रत्येक गोष्ट शेवटी माणसाने केलेली निघाली. मग आत गेले. मंजुश्रीचा जागल्या परत जागेवर ठेवला. काढून टाकायला हात धजला नाही.

उकंडराव आज आले नाहीत. छातीत पाणी भरल्याचे एक्स-रेत निघाले आहे. आपल्याच हॉस्पिटलात वरच्या मजल्यावर दाखल आहेत.

उकंडराव ८६.

१५ जानेवारी, बुधवार

काल संक्रांत. वामनरावांनी स्वतः फिरून सगळ्यांना तिळगूळ वाटला. पांढरे कपडे, हळू आवाज, प्रत्येकाची चौकशी. माझ्या हातावरही ठेवला. मी तो शालीच्या टोकात बांधला आणि खोलीवर येऊन शेगडीजवळच्या मुंग्यांना टाकला.

आज रज्जाकभाईंनी मला जनरेटरच्या शेडमध्ये बोलावले. लोखंडी पेटीतून एक गठ्ठा काढला. जनरेटरमध्ये किती डिझेल उरले हे ते रोज लिहून ठेवतात आणि कागद वाया जाऊ नये म्हणून ऑफिसातल्या टाकाऊ पानांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहितात. मी पाने उलटली. ती जागल्याची पाने होती, ऑगस्टची. फाइलमधून काढून रद्दीत टाकलेली. डिस्क तीन ९१. डिस्क तीन ९४. ९६. ९८. ९९. प्रत्येकाखाली 'पाहिले' आणि तीन सह्या. शंभर झाली त्या दिवसाच्या पानावरही तीनच सह्या. वामनरावांनी तर 'पाहिले'खाली छान रेघ ओढली आहे.

सर्व्हरच्या जुन्या नोंदीतून दुसरी गोष्ट काढली. एसएमएस बंद झाले ते ९ ऑगस्टला सकाळी अकरा चाळीसला, याच हॉस्पिटलातल्या संगणकावरून, मंजुश्रीच्या लॉगिनने. त्या दिवशी ती अमरावतीत माझ्याकडे होती. आदल्या दिवशी माझे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते. अकरा चाळीसला ती माझ्या डोळ्यात थेंब घालत होती आणि हलू नको म्हणून मला रागावत होती.

रज्जाकभाई म्हणतात की तिचा पासवर्ड सगळ्या विभागाला ठाऊक होता. रजेवर जाताना पासवर्ड कुणाला तरी सांगून जायचा, अशी इथे पद्धतच आहे. त्यांनी विचारले, "आता चौकशीवाल्यायले देसान ना हे?"

हो म्हटले. पाने घेऊन आले.

१७ जानेवारी, शुक्रवार

नऊ वाजता पान छापले गेले. उकंडराव १००.

नऊ वाजून दहा मिनिटांनी वरच्या मजल्यावरून रडण्याचा आवाज आला.

सुई लावून पाणी काढत होते, तितके पुन्हा भरत होते, असे नर्स खाली सांगत होती. तिने असे पाणी कधी पाहिले नव्हते. त्याला शेवाळाचा वास होता.

मी पान हातात धरून बसले होते. मला वाईट वाटायला हवे होते. मी वाट पाहिली. वाटले नाही.

१८ जानेवारी, शनिवार

पाने अजून पाठवलेली नाहीत.

पाठवली तर काय होईल ते मला चांगले ठाऊक आहे. समिती बसेल. वामनराव पांढऱ्या कपड्यांत येतील, हळू आवाजात बोलतील. दोन वर्षांनी अहवाल येईल आणि कोणा शिपायाला दोषी धरतील. माझी बहीण तोवर ऐकत राहील.

इकडे मंजुश्री स्वतः मोजते आहे. आज वामनराव ७३.

मी कोण मधे पडणार?

२० जानेवारी, सोमवार

वामनरावांनी बोलावले. जिना चढून आल्यासारखे दम टाकत होते. पानावरच्या ओळी अजून का जात नाहीत, असे त्यांनी विचारले. उकंडरावांचे नाव पानावर होते, अशी कुजबुज त्यांच्या कानावर आली होती. असल्या गोष्टींनी संस्थेचे नाव खराब होते, म्हणाले. मी म्हटले, आजचे पान आपण स्वतः वाचून घ्यावे.

ते फोनवर बोलू लागले होते. बोलता बोलता पान ओढले, 'पाहिले' लिहिले, रेघ ओढली, सही केली.

पेनाच्या टोकापासून चार बोटांवर लिहिले होते: वामनराव ८४.

सांगता आले असते. बोट ठेवून दाखवता आले असते. मी पान घडी करून घेतले आणि नमस्कार करून बाहेर आले. गेल्या चार महिन्यांत इतके शांत मला कधी वाटले नव्हते.

२२ जानेवारी, बुधवार

वामनराव ९६. त्यांना अकोल्याला हलवले. गाडी फाटकातून जाताना मी व्हरांड्यातून पाहिली. हात हलवणाऱ्यांत मी होते.

सर्व्हरच्या खोलीत पायपुसणे ओले आहे. पिळले तर पाणी निघते.

२३ जानेवारी, गुरुवार

वामनराव १००. अकरा वाजता अकोल्याहून फोन आला.

बाजारातून गुळाची ढेप आणली. खोलीवर शिरा केला. दोन वेळा वाढून घेतला.

२४ जानेवारी, शुक्रवार

हर्षल आला. दार लावून माझ्यासमोर जमिनीवर बसला. त्याच्या हातात आजचे पान होते. त्याने ते वाचले होते. तिघांत पान वाचणारा तो पहिलाच.

हर्षल ९१.

त्याच्या छातीतून बुडबुड्यांसारखा आवाज येत होता. तो म्हणाला, "मॅडम, मले माहीत हाय हे कोन करून राह्यलं. ते पोरगीच हाय."

मग त्याने सगळे सांगितले. एसएमएस दिवसात तीस-चाळीस येत होते. वामनराव बैठकीत चिडले, हे भुंकणे बंद कर म्हणाले. नवी डिस्क उकंडराव देत नव्हते. याने मंजुश्रीच्या लॉगिनने एसएमएस बंद केले, कारण स्वतःचे नाव लागू द्यायचे नव्हते. ती परत आली की सांगू म्हणाला आणि विसरला. माणसे मेल्यावर सांगायचे धैर्य झाले नाही. ती त्याच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली होती. "दादा, तुम्ही तरी खरं सांगा," एवढेच म्हणाली होती. त्याने मान वर केली नाही.

त्याला आठ महिन्यांची मुलगी आहे. हेही त्याने सांगितले.

मी त्याच्यासमोर कागद ठेवला. हेच लिही म्हटले. त्याने दोन्ही बाजूंनी लिहिले, तारीख घातली, सही केली. अधिकाऱ्यांसमोर उभे राहण्याचे त्राण नाही, म्हणाला. "तुम्हीच न्या मॅडम, चौकशीच्या ऑफिसात. तुमच्यावर इश्वास हाय."

प्रिंटरमधून लगेच एक पान निघाले. आपणहून. हर्षल ८०.

२५ जानेवारी, शनिवार

हर्षल ५५.

म्हणजे आकडा उतरतो. खरे सांगितले की उतरतो. तो सकाळी पायी आला, गालांवर रंग होता. मला वाकून नमस्कार केला. कागद दिला का, असे विचारले. ऑफिस आज बंद, सोमवारी देते, म्हटले.

हर्षल गेल्यावर तो कागद चार वेळा वाचला. "ती परत आली की सांगू असे ठरवले व विसरलो." विसरलो. एका ओळीत. आणि आता तो मुलीला मांडीवर घेऊन बसेल. माझ्या बहिणीच्या मांडीवर कोण आहे?

दोघे गेले. हा का राहील?

कागद मी ठेवून दिला. कुठे ते इथे लिहीत नाही.

२७ जानेवारी, सोमवार

हर्षल ८८.

त्याने सकाळीच फोन करून विचारले. दिला, म्हटले. मग पान मागितले. मी संगणकावर हाताने वेगळे पान केले. चार डिस्क, चार आकडे, खाली कोरे. ते त्याच्याकडे पाठवले. तपासणी पथकालाही तेच दाखवले. पथकाने कौतुक केले.

ऑफिसने सांगितले की वामनरावांच्या जागी तूर्त मीच सही करावी. खऱ्या पानावर केली. 'पाहिले' लिहिले.

रज्जाकभाई दारात उभे होते. त्यांनी विचारले, "हर्षलभाऊची तब्येत पुन्हा बिघडून राह्यली. तुमाले दिसत असन ना मशीनमंधी, मॅडम? मंग सांगत काऊन नाही त्याले?"

मला काम आहे, म्हटले.

२८ जानेवारी, मंगळवार

हर्षल १००. सकाळी नऊ.

त्याच्या बायकोने फोन केला. त्याने शेवटी विचारले होते, मॅडमनी कागद दिला ना, म्हणून. ती म्हणाली, "हो म्हनलं मी. दिला ना हो?"

हो म्हटले.

फोन ठेवला तेव्हा प्रिंटर अजून चालू होता. हर्षलच्या खाली आणखी एक ओळ —

कोकिळा ७४.

हे नाव इथे सगळे कोकिळा मॅडम असे घेतात. नुसते कोकिळा म्हणायचा हक्क तिलाही नव्हता. ती मावशी म्हणायची. हे नाव मावशीचे नाही. परक्या बाईचे आहे.

२८ जानेवारी, दुपारी

मी तिची बाजू घेतली. मी तिच्यासाठी आले. मी तिच्यासाठीच —

८१.

२९ जानेवारी, बुधवार

रज्जाकभाईंची ऑगस्टची पाने रजिस्टर्ड पोस्टाने चौकशी अधिकाऱ्यांना पाठवली. पोस्टाच्या तीन पायऱ्या चढायला दोनदा थांबले. पावती घेऊन परत आले.

८९ होते. तास-दीड तास ८९ राहिले. मग ९०.

पुरे नाही तिला.

त्या पानांत सह्या आहेत. एसएमएस कुणी बंद केले ते नाही. मंजुश्रीने केले नाहीत, हे सांगणारा जगात एकच कागद आहे, आणि तो मी दाबून ठेवला. त्यांनी तिचा इशारा दाबला. मी तिचे नाव दाबले. तिला माणसांचे जीव नको होते. तिने अकरा अर्ज लिहिले, चाळीस एसएमएस पाठवले, रोज पान छापले — तिला फक्त कुणीतरी वाचायला हवे होते. मी वाचले. सगळे वाचले आणि —

खोकला येतो. रुमाल ओला होतो. तो वास.

३० जानेवारी, गुरुवार

आडवे होता येत नाही. उशीला टेकून लिहिते आहे. खिडकीत ऊन आहे. घरमालकीणबाईंना डॉक्टरांना बोलावू नका म्हटले. डॉक्टर काय काढतील, सुईने?

पान इथे येत नाही. तरी आकडा कळतो. कानात कळतो.

९५.

रज्जाकभाईंना निरोप पाठवला आहे. निघाले म्हणाले. पाच मिनिटे, दहा. कागद कुठे आहे ते त्यांना सांगायचे, तो घेऊन जानेफळला बहिणीकडे जा म्हणायचे, चौकात मोठ्याने वाचा म्हणायचे — मंजुश्रीने बंद केले नव्हते. हर्षलने. हर्षलला वाचवता आले असते. मी —

लिहिते तसे उतरते आहे. खरेच उतरते. ९३. लिहायलाच हवे.

हर्षलने २४ तारखेला सगळे लिहून दिले. मी ते दिले नाही. त्याला खोटे सांगितले. त्याच्या बायकोलाही. पान खोटे केले. 'पाहिले' लिहिले. मी —

शाई पसरते आहे. हात ओले आहेत. वहीवर थेंब —

जिन्यात पाऊल वाजले. रज्जाकभाई असतील. पाऊल ओले वाजते आहे.

रज्जाकभाई, मी बोलू शकले नाही तर ही वही वाचा. शेवटपर्यंत वाचा. सही करू नका, वाचा. तो कागद या खोलीत नाही. शोधत बसू नका. तो मी हॉस्पिटलात —

दाराशी —

नाही, आधी कागद. तो कागद मी